माईला कळला तर पास

आदिलाबादेत आमच्या घरी इंग्रजी कुणाचीच नव्हती. मराठी आमची, तेलुगू गल्लीची, दखनी बाजाराची, आणि मोहफुलं-चारोळ्या विकायला येणाऱ्या गोंड बायांशी भाव करण्यापुरती गोंडी माईची. या चारही भाषांत कुणी ना कुणी आमच्यापेक्षा वरचढ निघायचंच. तेलुगू बोलायला गेलो की शेजारची पोरं फिदीफिदी हसत. मराठी बोललो की नांदेडची मावसभावंडं आमच्या 'काय करून राह्यला बे'ची नक्कल करत. उर्दूत तर आप्पांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. इंग्रजीपुढं मात्र सगळे सारखेच गरीब. म्हणून असेल, ती भाषा आम्ही आधी खेळायला घेतली आणि कामाला नंतर लावली. आणि खेळायलाच घ्यायची, तर तिच्यातलं जे सर्वांत लांबलचक नि सर्वांत निरुपयोगी, नेमकं तेच घेतलं.

आप्पा म्हणजे आमचे आजोबा. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं, त्यामुळं पुढं शिकायचं तर उर्दूला पर्याय नव्हता. आप्पांच्या लेखी कलेक्टर हा कलेक्टर नव्हताच, तो 'अव्वल तालुकदार'. आणि गावाचं नाव शेवटपर्यंत 'एदलाबाद'. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, कचेऱ्यांतले कागद बदलू लागले, आणि उजवीकडून डावीकडे झरझर लिहिणारा हा माणूस पोक्त वयात तर्खडकरांची पाठमाला उघडून बसला. तिच्या शेजारी वीरकरांची डिक्शनरी. पुढं त्या डिक्शनरीचं पुठ्ठ्याचं कव्हर तीनदा बदललं, पण आतला आप्पांच्या हातचा उर्दू समास तसाच राहिला. इंग्रजी शब्द, त्याचा छापील मराठी अर्थ, आणि कडेला पेन्सिलीनं उर्दू. आमच्या घरातली सर्वांत जास्त वापरलेली वस्तू बहुधा तीच असेल, पाटा-वरवंटा सोडला तर.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी आखणी झाली. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि त्यातलेच किनवट, राजुरा मुंबई राज्यात. एका घराची दोन राज्यं झाली. किनवटच्या काकांची पोरं बालभारतीवर वाढली. आमच्या दप्तरात मराठीला खेटून तेलुगूचं पुस्तक. शेजारच्या अक्कांकडं जेवताना 'चालु' म्हटलं की वाढणं थांबतं, चालू राहत नाही, हे किनवटच्या पोरांना दर उन्हाळ्यात नव्यानं शिकवावं लागे. आमच्याकडं मराठी 'चांदोबा' यायचा, अक्कांकडं तेलुगू 'चंदमामा'. मुळात तो १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्येच सुरू झालेला, पण हे तेव्हा आम्हांला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. विक्रम आणि वेताळ मराठीच बोलतात याबद्दल आमची खात्री होती. चित्रं दोन्हींत तीच. दोन्ही अंक जमिनीवर शेजारी शेजारी पसरून आम्ही कितीतरी तेलुगू शब्द असेच उचलले. एका गोष्टीला दोन-तीन भाषांचे शब्द असतात आणि ते एकमेकांवर तपासून घ्यायचे असतात, ही सवय तिथली.

मे महिन्यात सगळे जमत. किनवटची मंडळी मीटर गेजच्या गाडीनं, यवतमाळ-पांढरकवड्याची पैनगंगेचा पूल ओलांडून एस.टी.नं. आदिलाबादच्या मे महिन्याबद्दल काय सांगावं? अकरानंतर दार लोटून, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून, पोरांना एका खोलीत कोंडणं एवढाच उपाय होता. त्या कोंडलेल्या दुपारी आधी गाण्याच्या भेंड्या होत, मग नाव-गाव-फळ-फूल, मग फाशी. गाणी संपली, गावं संपली की स्पेलिंगवर येत असू. नॉलेजचं 'क्नोवलेदगे' तर मराठी मुलुखात सगळीकडंच चालतं, पण आमच्याकडं दखनी असल्यानं माल जास्त होता. लेफ्टनंटचं स्पेलिंग 'झूट तू दस चिंटी'. असॅसिनेशनचं 'गधे पे गधा, गधे के पीछू मैं, मेरे पीछू मुल्क'. पुढं आयुष्यात या दोन शब्दांची स्पेलिंगं आमच्यापैकी कुणाचीही चुकली नाहीत. शाळेतल्या घोकंपट्टीबद्दल असं म्हणता येणार नाही.

मग लांब शब्दांची साथ आली. ती बसस्टँडवर मिळणाऱ्या जनरल नॉलेजच्या पातळ पुस्तिकांतून आली, आणि थोडी हैदराबादहून. मोठे काका कामानिमित्त हैदराबादला जात. रविवार सापडला तर आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या बाजारातून जुने रीडर्स डायजेस्ट उचलून आणत. त्यांतलं 'शब्दसंपत्ती वाढवा' छापाचं पान आधी आप्पा सोडवत, पेन्सिलीनं, मग खोडरबरानं पुसून आमच्या हवाली करत. पुसलेल्या खुणा दिसतच. आम्ही त्या बघूनच उत्तरं द्यायचो आणि आप्पा न बघितल्यासारखं करायचे.

जगातला सर्वांत लांब शब्द कोणता, या प्रश्नाची पायरीपायरीनं उत्तरं होती. लहानग्यांसाठी 'स्माइल्स', कारण त्याच्या दोन एसांच्या मध्ये अख्खा मैल. त्यावरच्यांसाठी अठ्ठावीस अक्षरी अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. त्याच्याही पुढं एकोणतीस अक्षरी फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. आणि सगळ्यांचा बाप, पंचेचाळीस अक्षरी न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस. हा शेवटचा किनवटचा दादा एका दमात म्हणायचा. त्याची घरातली पत त्या एका दमावर दोन उन्हाळे टिकली. अक्कांचा मुलगा तिसऱ्यांदा ऐकून तो जसाच्या तसा म्हणू लागला तेव्हा दादाचं तोंड बघण्याजोगं झालं. मला वाटतं तेलुगूवाल्यांना लांब शब्दाची भीतीच नसते. शब्दाला शब्द जोडून लिहिणं त्यांच्या हातातलंच. आम्ही मराठी पोरं मात्र तुकडे पाडून चढत होतो. तेवढ्यात कुणीतरी रेल्वेच्या सिग्नलसाठी 'अग्निरथगमनागमनसूचक' असं काहीतरी लांबलचक रचलेलं ठोकून द्यायचं, आणि इंग्रजीला मराठीनं उत्तर दिल्याचा आनंद व्हायचा.

या सगळ्या कालव्यात माई पलीकडं बसून डाळ निवडत असे. माई म्हणजे आजी. चौथीपर्यंत शिकलेली, तीही घरीच. एका दुपारी ती वैतागून म्हणाली, "नुसते आरडून काय राह्यले? म्हणजे काय, ते सांगा." सगळे गप्प. दादाला पंचेचाळीस अक्षरं येत होती, अर्थ येत नव्हता. त्या दिवशी घरात कायदा झाला. शब्द वीरकरांत किंवा दुसऱ्या कुठल्यातरी डिक्शनरीत असला पाहिजे, आणि त्याचा अर्थ मराठी, तेलुगू, दखनी, गोंडी यांपैकी कशातही चालेल, पण माईला कळला पाहिजे. माईला कळला तर पास. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतून सांगितला तर सरळ बाद.

खेळ एकदम अवघड झाला. पहिला बळी अठ्ठावीस अक्षरी. दादानं विरोधाला विरोध, त्याच्या विरोधाचा वाद अशी काहीतरी गुंतवळ केली. माईनं मान हलवली. तेव्हा आप्पा आरामखुर्चीतून उठून बसले. इंग्लंडात चर्च सरकारशी बांधलेलं आहे, त्यांनी सांगितलं. एकोणिसाव्या शतकात काही लोक म्हणू लागले की ही गाठ सोडा, सरकार वेगळं, चर्च वेगळं. तर 'सोडू नका' म्हणणाऱ्यांचा जो पक्ष, त्याचं हे नाव. माईची मान अजून हलतच होती. मग आप्पा म्हणाले, "उमूर-ए-मजहबी आठवतं?" निजाम सरकारातलं हे धर्मखातं, मशिदींबरोबर देवळांनाही त्यातून पैसा मिळे. माई चटकन म्हणाली, "म्हणजे देवळाचं वर्षासन बंद करू नका म्हणणारे." पास. इंग्लंडच्या इतिहासाचा हा धडा पुढं मी कॉलेजात पुन्हा शिकलो, त्यात माईच्या वाक्यापेक्षा जास्त काही हाती लागलं नाही.

एकोणतीस अक्षरीचं काम सोपं गेलं. तो शब्द म्हणजे लॅटिनमधले चार क्षुल्लक शब्द एकापुढं एक: लोकरीचा पुंजका, किरकोळ चीज, काहीच नाही, आणि एक केस. ईटनच्या शाळेतल्या लॅटिन व्याकरणात 'कवडीची किंमत न देणे' या अर्थाचे हे शब्द एकत्र दिलेले असत. तिथल्याच कुणा पोरांनी ते चिकटवून मागं शेपूट लावलं, असं मानतात. विल्यम शेन्स्टोन या कवीच्या १७४१ मधल्या पत्रात तो आढळतो. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी तिकडची पोरंही कोंडून घातल्यावर हेच करत होती. एवढ्या अक्षरांत ई हे अक्षर एकदाही येत नाही, हा शोध अक्कांच्या मुलाचा. माईनं अर्थ ऐकला आणि म्हणाली, "कस्पटासमान मानणं. मग एवढं लांब कशाला न्यायचं?" पास, पण वेळ खाल्ल्याबद्दल निम्मे गुण कापले.

पंचेचाळीस अक्षरीला मात्र वेगळं वळण लागलं. वीरकरांत तो नव्हताच. डायजेस्टच्या एका अंकावर भागवावं लागलं. ज्वालामुखीतून उडालेल्या सिलिकाची अतिशय बारीक धूळ श्वासावाटे जाऊन होणारा फुप्फुसाचा रोग. माईला ज्वालामुखी माहीत नव्हता, पण धुळीशी येताच ती म्हणाली, "जिनातल्या बायांचा दमा."

आदिलाबाद हे कापसाचं गाव. दिवाळीच्या आसपास मार्केट यार्डाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, पुढं ट्रॅक्टरची, आणि जिनात रुई एकीकडं, सरकी एकीकडं, गाठी बांधून तयार. त्या शेडमधली हवा पांढरी असायची. काम करणाऱ्या बाया पदराचं टोक नाकातोंडावर घट्ट बांधत, आणि तरी संध्याकाळी गल्लीतून परत जाताना त्यांचा खोकला आधी ऐकू यायचा, मग बोलणं. आमची धाकटी आत्या नंतर नर्सिंग शिकायला गेली. तिनं परत आल्यावर सांगितलं, कापसाच्या धुळीनं जो छातीचा रोग जडतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, म्हणून त्याला मंडे फीवर असंही नाव आहे. इंग्रजीत दहा अक्षरं. आमच्या कुठल्याच पुस्तिकेत तो नव्हता.

आणि आम्ही ज्याला बाप समजत होतो तो पंचेचाळीस अक्षरी शब्द मुळात कुठल्या डॉक्टरनं घडवलेलाच नव्हता. अमेरिकेत शब्दकोडी सोडवणाऱ्यांची नॅशनल पझलर्स लीग नावाची संस्था आहे, १८८३ पासूनची. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ च्या बैठकीत सर्वांत लांब शब्द हवा म्हणून तो रचला, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रानं छापला, आणि शब्दकोशांनी ठेवून घेतला. सिलिकाच्या धुळीच्या खऱ्या रोगाला नऊ अक्षरी सिलिकोसिस हे नाव होतंच. आमच्याच जिल्ह्यात बेल्लमपल्ली-मंदमर्रीकडं सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी, गावात जिनं. धुळीला आमच्याकडं तोटा नव्हता. ज्वालामुखी मात्र एकही नाही. त्या शब्दाचं हे जन्मरहस्य कळल्यावर दादाचं तोंड पुन्हा एकदा बघण्याजोगं झालं.

त्याचा उरलासुरला रुबाब स्क्रॅबलनं उतरवला. हा डबा मोठे काका हैदराबादहून घेऊन आले. आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या वास्तुशिल्पकारानं तो मंदीच्या काळात रचला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्राच्या पानांवरून मोजून काढलं, आणि १९४८ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. हातात एका वेळी सातच सोंगट्या, पट पंधरा बाय पंधरा. दादानं बसून हिशेब केला: पंचेचाळीस म्हणजे पटाच्या बरोबर तीन ओळी! एक क्षण त्याला वाटलं की हा खेळ त्याच्या शब्दासाठीच बनवला आहे. मग सीच्या सोंगट्या मोजल्या. शब्दात सहा, डब्यात दोन. कोऱ्या सोंगट्या धरूनही भागत नव्हतं. पटाच्या एका ओळीत अचूक बसणारा शब्द आप्पांनी शोधून दिला: अनकॉपीराइटेबल, पंधरा अक्षरं, एकही अक्षर दोनदा नाही. तो प्रत्यक्ष खेळात कुणालाच कधी लावता आला नाही, पण बघायला सुंदर होता. आत्याचा बिसिनोसिस लावायला डब्यातले चारही एस लागतात. तोही जमला नाही.

जमत होते ते आखूड शब्द, आणि भांडणंही त्यांच्यावरूनच. सर्वांत मोठं भांडण मुंगसावरून झालं. पटावर आधीच असलेल्या एका अक्षराला धरून कुणीतरी 'मंगूस' लावला आणि म्हणालं, हा आमचा मराठी शब्द आहे, इंग्रजांनी उचललेला. अक्कांचा मुलगा ताडकन म्हणाला, तेलुगूत 'मुंगिस' म्हणतात, म्हणून तो आमचा. प्रकरण आप्पांच्या ओळखीच्या एका मास्तरांकडच्या जाड ऑक्सफर्डपर्यंत गेलं. तिथं मराठीचं नाव निघालं. आमच्या आनंदाला पारावार उरला नाही, पण मास्तरांनी पानं उलटून त्याला दुसरा शब्द दाखवला: बँडिकूट, तेलुगू 'पंदिकोक्कु'वरून, म्हणजे डुकरासारखी घूस. मुंगूस आमच्याकडं, घूस त्यांच्याकडं. मग साग कुणाचा, यावरून पुन्हा जुंपली, कारण सभोवती सगळं सागवानाचं रान आणि तेलुगूत त्याला 'टेकु'च म्हणतात. टीक निघाला मल्याळममधून. दोघंही हात चोळत घरी आले.

पुढं सगळे पांगलो, जसे सगळेच पांगतात. त्यावर वेळ घालवत नाही. मीटर गेज गेली, मोठी गाडी आली. २ जून २०१४ ला तेलंगणा झालं. ११ ऑक्टोबर २०१६ ला जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. बेल्लमपल्ली मंचिर्यालमध्ये गेलं, आणि जिथं सरस्वतीपुढं तांदळात बोट धरून आम्हां सगळ्यांना पहिलं अक्षर गिरवायला लावलं होतं ते बासर निर्मल जिल्ह्यात. ऑक्टोबर २०१८ मध्ये शशी थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाची वर्दी देताना फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन लिहिला, देशभर लोक डिक्शनऱ्या चाळायला लागले, आणि आमच्या भावंडांच्या ग्रुपवर पाच मिनिटांत चौघांचं एकच उत्तर आलं: "कस्पटासमान. निम्मे गुण." किनवटचा दादा आता न्यू जर्सीत असतो. त्याच्या घरी स्पेलिंग बीचं वारं आहे. तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता झाला आणि नंतर अशा विजेत्यांची रांगच लागली. नटराजन जिंकला तो शब्द मिल्यू, सहा अक्षरांचा. दादानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाजात थोडी हळहळ होती.

त्या स्पर्धेतही आता स्पेलिंगबरोबर अर्थ विचारतात. याचं श्रेय माईला द्यायला हवं, असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे.

माई गेल्यापासून तिच्या जागी आत्या बसते. गेल्या दिवाळीत आदिलाबादला बरेच जण जमले होते, तेव्हा डबा निघाला. काही सोंगट्या हरवल्यात, त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे. दादाच्या मुलानं दुसऱ्याच डावात क्यूआय हा दोन अक्षरी शब्द लावला. आमच्या पिढीनं एकच गिल्ला केला. क्यूच्या पुढं यू नाही म्हणजे काय? तो शांतपणे म्हणाला, अमेरिकेच्या यादीत २००६ पासून आहे, उच्चार 'ची', चिनी शब्द. आत्यानं विचारलं, "म्हणजे काय?" तो अडखळत मराठीत म्हणाला, "अंगातली... शक्ती. श्वासाची." आत्या म्हणाली, "प्राण. कळला. पास." आम्ही हताश.

मग त्यानं झेडए लावला, तिप्पट शब्दाच्या लाल घरावर. हाही त्याच यादीतला. "म्हणजे काय?" "पिझ्झा. तिकडं शॉर्टमध्ये म्हणतात." आत्या चष्म्यावरून बघत राहिली. "पिझ्झा कळला. पण पिझ्झ्याला पिझ्झा म्हणायला काय होतं? बाद." त्यानं फोन काढून अधिकृत यादी दाखवली. आत्यानं फोन उलटा करून ठेवला आणि सोंगट्या परत त्याच्या हातात दिल्या. त्या तेहतीस गुणांसाठी तो अजून दर आठवड्याला ग्रुपवर अर्ज करतो, आता तर मराठीतून करतो, आणि आत्या त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त करून तो फेटाळते.